बत्तीचा बन

ज्वारीची भाकरी करणाऱ्या बाईला पीठ झाकून वाट बघत बसायला सांगणं म्हणजे तिचा अपमानच आहे. आमच्या तामसी गावच्या घरात पीठ कधी थांबलं नाही. परातीत पीठ, त्यात उकळतं पाणी, तळहाताने रगडलं की लगेच थापायची आणि तव्यावर टाकायची. पीठ थांबलं की भाकरी चिरते, रात्रभर राहिलं की आंबतं, मग ते गाईपुढे टाकायचं. पुढे मी मराठी शाळेत शिक्षिका झाले, आदिलाबादला राहायला आले, गॅस आला, निवृत्तही झाले, पण हात तसाच राहिला, घाईचा. त्यामुळे मैदा भिजवून ओल्या फडक्याखाली झाकायचा आणि तो फुगेपर्यंत गप्प बसायचं, ही रीत माझ्या सुनेने या घरात आणली तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

सून बेल्लमपल्लीची, तेलुगू ख्रिस्ती घरातली. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिचे आजोबा म्हणे खाणीवरच्या साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकी होते, आणि ईस्टरचे बन त्या बंगल्यातून त्यांच्या घरात आले. मैदा, साखर, वेलची, मनुका, आणि वर मैद्याच्याच पातळ लगद्याने काढलेला क्रूस. आम्ही बौद्ध. मुलाने लग्न ठरवलं तेव्हा दोन्हीकडे थोडी कुरबुर झाली. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की खीर बुद्धपौर्णिमेची असो नाहीतर बन ईस्टरचा, खायला कोणीच नाही म्हणत नाही. तेव्हापासून आमचं बरं चाललं आहे.

त्या बनांमध्ये एक बन वेगळा असायचा. त्याच्यावर क्रूस नाही. मधोमध एकच मनुका, अंगठ्याने दाबून बसवलेली. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या टोपीवर बत्ती असते ना, तशी. म्हणून तो बत्तीचा बन. सणाच्या दिवशी सुनेचे वडील पाळीवर, म्हणजे खाली खाणीत, असले की त्यांचा बन ताटलीत ठेवून त्यावर वाटी उपडी घालायची. ते वर येणार, हातपाय धुणार, आपल्या हाताने वाटी उचलणार, पहिला घास घेणार. मग बाकीच्यांनी खायचं. तोवर घरात कोणी बनांना शिवायचं नाही. आम्ही पोरं उपाशी त्या ताटलीभोवती बसून राहायचो, असं सून सांगते.

इथे आदिलाबादला आमच्या घरातलं कोणी खाणीत जात नाही. पण सून नर्स होती, आणि ईस्टरला हटकून तिची रात्रपाळी यायची. मग बत्तीचा बन तिचा. सकाळी माझ्या दोन्ही नाती दारात उभ्या. ती आली की धाकटी तिचं बोट धरून ओढत आणायची आणि वाटी उचलायला लावायची. मी खुर्चीत बसून हे बघायची आणि मनात म्हणायची, काय ही थेरं. पण तोवर मलाही खाता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दाराकडेच बघत असायची.

या वर्षी संक्रांत झाली आणि सून आखातातल्या एका दवाखान्यात नोकरीला गेली, दोन वर्षांच्या करारावर. जाऊ की नको, जाऊ की नको, असं करून तिने स्वतःला पार वाळवून घेतलं होतं. शेवटी मीच तिला म्हटलं, "जाय तू. पोरींचं मी पाहीन. माह्यावर सोड."

थोरली नात दहा वर्षांची. ती विमानतळावरून परत आल्यावर भरपूर रडली आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर मम्मीला शाळेतलं सगळं सांगायला लागली. धाकटी सहाची. ती रडली नाही. तिने मम्मीशी बोलणंच बंद केलं. आमच्याशी तोंड चालू, शेजारच्या मांजरीशीसुद्धा चालू. पण संध्याकाळी फोनवर मम्मीचा चेहरा दिसला की ही पलंगाखाली. बापाने समजावलं, चॉकलेट दाखवलं, एकदा रागावून ओढूनही काढलं. तर फोनसमोर डोळे घट्ट मिटून उभी राहिली.

सून रोज शेवटी मला विचारायची, "अत्तम्मा, ती कुठंय?" तेलुगूत सासूला अत्तम्मा म्हणतात, तिने ते कधी बदललं नाही. मी रोज म्हणायची, "खेळून राह्यली." ती "हं" म्हणायची आणि फोन ठेवायची. दोघींनाही सगळं ठाऊक होतं. मला मनातून भीती वाटत होती. गप्प राहणं मुलाच्या एकदा अंगवळणी पडलं की ते सुटता सुटत नाही, हे मी वर्गात पाहिलं आहे. दोन वर्षांनी ही बाई घरी येईल आणि तिची मुलगी तिला पाहुण्यासारखी नमस्कार करून आत निघून जाईल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायचं. माह्यावर सोड, असं मी म्हणाले होते, आणि माझ्याच्याने काही होत नव्हतं.

गुड फ्रायडेच्या सकाळी थोरलीने विचारलं, "आजी, बन कोन करन?"

"बेकरीतून आनू."

"बेकरीचे नोको," धाकटी म्हणाली. गाल फुगवून बसली.

"मंग आपन करू," मी म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

अडचण एकच होती. पीठ फुगवायला सून शिंदी घालते. शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस, त्याच सकाळी उतरवलेला. आणि आम्ही पंचशील घेतलेली माणसं. त्यातलं पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहायचं. विहारात दर रविवारी मी पुढे बसून ते म्हणते आणि मागच्या बायका माझ्यामागून म्हणतात. सून ती बाटली स्वतः आणायची, आणि बाटली घरात असेपर्यंत मी गच्चीवर कपडे वाळत घालत राहायची. बन पानात आला की मात्र आत काय घातलंय, हे मी कधी विचारलं नाही. आता सून नव्हती आणि गच्चीवर पळायची सोय उरली नव्हती. मी मधला मार्ग काढला आणि किराणा दुकानातून पाकिटातलं यीस्ट आणलं.

थोरलीने पाकीट वाचून सांगितलं की गरम पाणी घ्यायचं आहे. गरम म्हटलं की माझ्या हाताला एकच गरम ठाऊक आहे. मी पातेल्यात पाणी चांगलं खळखळ उकळलं, परातीत ओतलं, आणि मैद्याला ज्वारीसारखं रगडून काढलं. मग फडकं झाकून बसलो. तास गेला, दुपार गेली. धाकटी सारखी फडकं उचलून बघायची. मी तिला ओरडायची, आणि ती वळली की मीच उचलून बघायची. पीठ जसं ठेवलं तसंच पडलेलं होतं, चिकट आणि निपचित.

संध्याकाळी धाकटी परातीपाशी उकिडवी बसली आणि मोठ्या माणसासारखा निकाल देऊन मोकळी झाली. "मम्मीचं फुगते. मम्मी बाटलीतलं घालते. तुनं नाही घातलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. संक्रांतीनंतर पहिल्यांदा तिच्या तोंडून मम्मी हा शब्द आला होता.

त्या दिवशीही मम्मीचा फोन आल्यावर ती पलंगाखाली गेलीच. सुनेने पिठाची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावून हसली. "अत्तम्मा, उकळत्या पाण्यात मरून जाते ते! बोटाला सोसते तेवढंच पाहिजे." म्हणजे दोष पाण्याचा होता. कोमट पाणी घेतलं असतं तर पाकिटानेही काम झालं असतं. पण धाकटीच्या मनात बाटली बसली होती. त्या बाटलीमागोमाग मम्मी हा शब्द परत येणार असेल तर मी पाकिटाचं शास्त्र सांगत बसणार नव्हते.

शनिवारी सकाळी मी धुतलेली रिकामी बाटली कापडी पिशवीत घालून शिंदीवाल्याकडे गेले. गावाबाहेर शिंदीच्या झाडांच्या रांगेत त्याची झोपडी आहे. पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली मास्तरीण बाई बघून तिथे बसलेली माणसं सावरून बसली. एकाने तर गुडघ्यावर चढलेलं धोतर खाली ओढलं. मी शिंदीवाल्याला तुटक्या तेलुगूत सांगितलं की बनासाठी हवी आहे, प्यायला नको. तो हसला नाही. कोणासाठी आहे ते त्याला लगेच कळलं. दर वर्षी नर्सबाई येतात, यंदा आल्या नाहीत का, म्हणून त्याने विचारलं. ती परदेशात आहे म्हटल्यावर त्याने बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.

परत येताना व्हायचं तेच झालं. विहारात माझ्या मागच्या रांगेत बसणारी बाई भाजी घेऊन समोरून आली. पिशवीतून आंबूस वास येत होता.

"बाई, काय आनलं एवढ्या सकाळी?" तिने विचारलं.

नातीचं औषध आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. पाचव्याला सांभाळायला चौथं मोडणं मला काही पटेना. मी म्हटलं, "शिंदी हाय. पोरींसाठी बन करून राह्यली. पीठ फुगवाले लागते."

ती पिशवीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "सुनबाईच्या सनाचे का?" ती म्हणाली. "आमाले बी पाठवा एक." मी उगाच इतकी वर्षं गच्चीवर पळत होते.

या वेळी मी पाण्यात आधी बोट घालून बघितलं. धाकटीनेही घातलं. मैद्यात शिंदी ओतली तेव्हा तिने परातीवर वाकून इतका मोठा श्वास घेतला की नाकाला पीठ लागलं. तो वास तिच्या ओळखीचा होता. ती मळायला बाह्या वर करून आली. थोरली मनुकांचे देठ काढत बसली. धाकटीही थोड्या वेळाने तिकडे गेली, एक मनुका तोंडात टाकली आणि मला विचारलं, "आजी, बन किती दिवस राहते?"

"या उन्हात? दोन दिवस. मंग बुरा येते."

"आन मनुका?"

"मनुका आधीच वाळलेली असते. तिले काई होत नाही. वर्षभर राह्यते, दोन वर्षं बी राह्यते."

मी हे सहज बोलले होते.

मग परत ते थांबणं आलं. पीठ फडक्याखाली ठेवलं आणि चैत्रातल्या उन्हात कूलर लावून आम्ही तिघी जमिनीवर पडून राहिलो. माझे हात शिवशिवत होते. मी आयुष्यभर रडत्या मुलांना पाटी दिली, गणित दिलं, काहीतरी करायला दिलं. या पोरीलाही महिने झाले काहीतरी देतच होते, समजूत, धाक, गोष्ट. नुसतं तिच्याजवळ पडून राहायला काही मला सुचलं नव्हतं. दुपारी तिने फडकं उचललं आणि किंचाळली. पीठ परातीच्या काठापर्यंत आलं होतं. तिने त्यात बोट खुपसलं आणि पीठ हळूच खाली बसलं, तशी ती खदखदून हसली. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

सुनेची भट्टी म्हणजे मोठं जर्मनचं पातेलं. तळाशी रेती, त्यावर तिवई, तिवईवर बनांची ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. निखारे नसले की बनाचा माथा पांढराच राहतो. गोळे दोघींनी केले. थोरलीचे गोल, धाकटीचे बटाट्यासारखे. क्रूस मी काढले, तेही वाकडेच आले. ताटली पातेल्यात सोडताना बघितलं तर एका गोळ्यावर क्रूस नव्हता. मधोमध अंगठ्याचा खड्डा होता आणि त्यात एक मनुका. मी धाकटीकडे बघितलं. ती निखाऱ्यांकडे बघत होती.

रविवारी मुलगा दोघींना पहाटेच्या प्रार्थनेला घेऊन गेला. परत आले तेव्हा तिघांनाही सपाटून भूक लागली होती. ओट्यावर बनांचं ताट होतं आणि शेजारी एका ताटलीवर वाटी उपडी होती. ती धाकटीने जायच्या आधीच घातली होती. मुलाने ताटातल्या बनाला हात घातला मात्र, तिने घर डोक्यावर घेतलं. "नाही! मम्मी यायची हाय! मम्मी वाटी उचलन, मंग खाचं!"

मुलाचा हात तसाच राहिला. थोरलीचा चेहरा पडला. "आजी," ती हळूच म्हणाली, "मंग दोन वर्षं कोनीच खाचं नाही का?"

मला आधी हसूच आलं. मम्मी येणार नाही, असं त्या पोरीला सांगायचं कसं? आणि येणार आहे म्हटलं तर वाट कुठवर बघायची? ती झोपली की बन बदलत राहावा, असंही क्षणभर मनात आलं. सगळा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी बाई, पण इथे मी हात टेकले. मी सुनेला फोन लावला.

ती नुकतीच रात्रपाळीवरून खोलीवर आली होती, अंगावर अजून दवाखान्याचेच कपडे होते. थोरलीने तिला एका दमात सगळं सांगितलं. धाकटी पलंगाखाली गेली नाही, कारण वाटीवर तिचा पहारा होता. ती ओट्याला पाठ लावून, डोळे मिटून उभी राहिली.

सुनेने तिला हाक मारली नाही. मला म्हणाली, "अत्तम्मा, फोन त्या वाटीपाशी ठेवा." मी डब्याला टेकवून ठेवला. मग ती जशी काही त्या वाटीलाच सांगू लागली. "एका ईस्टरला आमचे नान्ना, म्हणजे वडील, वर आलेच नाही. पुढच्या पाळीचा माणूस आला नव्हता, म्हणून त्यांना खालीच राहावं लागलं. आम्ही बसून बसून रडायला लागलो. तेव्हा अम्मा म्हणाली, ज्याला वर येता येत नाही त्याची वाटी घरातल्या सगळ्यात लहान माणसाने उचलायची. त्याचा बनही त्यानेच खायचा. पण खाल्ल्यावर, कसा झाला होता ते त्याला सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिकडे उपाशी राहतो." ती थांबली. "तेव्हा सगळ्यात लहान मी होते."

हा नियम बेल्लमपल्लीच्या त्या घरात खरोखर होता, की रात्रभर जागलेल्या एका आईने तो तिथल्या तिथे केला, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

धाकटीने डोळे उघडले. वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी वाटी उचलली. मनुका काळी पडली होती, बन एका बाजूने फुगलेला. फोनकडे पाठ करून ती खायला लागली. घास बारीक, चावणं लांबलचक. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत उभे. तिकडून फक्त तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

शेवटी ती वळली. फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

सुनेने तोंडावर हात धरला.

"आजीनं केलं ना," धाकटीने खुलासा केला. आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. आजीनं आधी उकळतं पाणी घातलं, ते मरून गेलं, मग आजी दारूची बाटली घेऊन आली, पप्पानं प्रार्थनेत झोप घेतली, मांजरीला पिल्लं झाली, तीन, एक पांढरं, आणि तू काऊन गेली, मला न विचारता काऊन गेली. हे शेवटचं ती ओरडून म्हणाली आणि मग रडली. एवढे महिने न रडलेलं सगळं रडली. सूनही रडत होती. "हो," ती म्हणत होती, "हो, विचारायला पाहिजे होतं." माझा मुलगा उगाच बनांचं ताट या हातातून त्या हातात करत होता. मला आनंद झाला होता, आणि माझ्या बनात मीठ कमी आहे म्हणून थोडा रागही आला होता. कमी होतंच.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि मम्मीला ताटली दाखवली. बन संपला होता. मनुका तेवढी राहिली होती, ताटलीच्या मध्यावर.

"हे नाही खाल्लं," ती म्हणाली. "हे खराब नाही होत. आजीनं सांगतलं." आणि तिने मनुकेवर वाटी परत उपडी घातली.

आता फोन आला की ती आधी धावते. दोघी काय बोलतात मला कळत नाही. बरंचसं माझ्या तक्रारी असाव्यात. ती वाटी अजून ओट्यावरच्या फळीवर उपडी आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून ती ताटली मी पाणी भरलेल्या थाळीत ठेवली आहे. इकडच्या उन्हात पाणी लवकर आटतं. सकाळी उठले की चहा ठेवायच्या आधी मी तेवढं पाणी घालते.